हँडलएवढी वाट

आमच्या शाळेत गणिताचे एक सर होते. त्यांच्या पँटला बारा महिने कुसळं चिकटलेली असत. प्रार्थनेच्या वेळी मुलं डोळे मिटून उभी असायची आणि सर एका पायावर तोल सांभाळत दुसऱ्या पायाची कुसळं वेचायचे. राष्ट्रगीताला मात्र नाही. तेव्हा कितीही टोचत असलं तरी ते ताठ. मी त्या शाळेत मराठी शिकवायला लागलो तेव्हा मला वाटलं, हा माणूस शेतीवाला असणार, पहाटे उठून वावरात मोटर चालू करून येत असणार. नंतर कळलं की सरांच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही. ते तालुक्याच्या गावी भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचे आणि सायकलवर शाळेत यायचे. शाळा हायवेला लागून. तालुक्यापासून डांबरी रस्ता थेट शाळेच्या गेटपर्यंत. तरी हे गृहस्थ बांधाबांधानं, नाल्यातून, कुणाच्या तरी मक्याच्या कडेनं, कधी सायकलवर बसून तर कधी सायकल खांद्यावर घेऊन यायचे. घामानं निथळत हजेरीवर सही करायचे आणि वर म्हणायचे, "आज लवकर पोचलो."

धुळ्याहून अप-डाऊन करणारे आम्ही चौघे एका गाडीतून यायचो. गाडी विज्ञानाच्या सरांची, पेट्रोल वर्गणीचं. रस्ता चौपदरी झाल्यापासून विज्ञानाच्या सरांचा पाय फार मोकळा झाला होता. पूर्वी धुळ्याहून निघून शाळेत पोचेपर्यंत एक झोप व्हायची. आता डोळा लागतो न लागतो तोच फाटा येई. कडेच्या पांढऱ्या पट्टीवरून एखादा सायकलवाला डुगडुगत चाललेला दिसला की विज्ञानाचे सर हॉर्नवर हात ठेवून द्यायचे. मागे बसलेले आम्ही, 'यांना मरायला हाच रस्ता सापडला' असं काहीतरी पुटपुटायचो. गाडीत बसलं की सायकलवाल्याचा राग येतो आणि उतरलं की तो निघून जातो. गणिताचे सर कधी गाडीत बसलेच नाहीत. एकदा भर पावसात आम्ही त्यांच्यासाठी गाडी थांबवली, दार उघडून धरलं. ते म्हणाले, मला घ्याल, पण सायकल कुठे ठेवाल? आणि दार आपल्या हातानं लावून निघून गेले.

हायवे ओलांडायची वेळ आलीच तर त्यांची एक पद्धत होती. सायकलवरून उतरायचं, कडेला उभं राहायचं आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे तोंड करून तिला जाऊ द्यायचं. यावलकडची केळी भरलेले ट्रक, कंटेनर, सुरतेकडच्या ट्रॅव्हल्स, सगळ्यांना. पाहुणा दारातून जाईपर्यंत यजमान उभा राहतो तसे ते उभे असायचे. या भानगडीत त्यांचा पहिला तास बऱ्याचदा बुडायचा आणि मुख्याध्यापक मला त्या वर्गावर पाठवायचे. त्यामुळे त्या ट्रकांवर माझाही थोडा राग होता.

सरांचं एक वाक्य ठरलेलं होतं. ते म्हणायचे, गाडीवाल्याला सायकल दिसत नाही असं नाही. दिसते. पण तो तिला मोजत नाही. हे वाक्य ते शिपायालाही सांगत आणि पालकसभेतही. आम्ही त्यांच्या माघारी या वाक्याची नक्कल करायचो. मधल्या सुट्टीत डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा असला की कुणीतरी म्हणायचं, "ठेचा दिसतो आहे सर, पण तुम्ही मोजत नाही." त्यावर ते स्वतःही हसत आणि ठेचा पुढे करत.

नववीच्या वर्गात ते वेगाची गणितं शिकवायचे. पुस्तकातल्या आगगाड्या त्यांना मंजूर नव्हत्या. ते फळ्यावर स्वतःचं गणित लिहायचे. एक ट्रक शाळेच्या दिशेनं निघाला आहे, ताशी ऐंशी. त्याच रस्त्यानं, त्याच दिशेनं, पुढे काही अंतरावर एक मुलगी सायकलवर चालली आहे, ताशी दहा. ट्रक मुलीला किती वेळात गाठेल? खान्देशातली पोरं हिशेबाला तयार असतात, भराभर उत्तर काढायची. सर उत्तर तपासायचे, बरोबर म्हणायचे, खडू टेबलावर ठेवायचे आणि विचारायचे, "आणि मग?"

पोरं पुन्हा वहीत बघायची. हे दरवर्षी चालायचं. एकदा तपासणीला आलेले साहेब मागच्या बाकावर बसलेले होते, त्यांनी तास संपल्यावर विचारलं की हा 'आणि मग' कोणत्या घटकात येतो. सर म्हणाले, सापेक्ष वेग. साहेबांनी तसं लिहून घेतलं. पण एका वर्षी सरांनी हा प्रश्न चाचणी परीक्षेतच घातला. पोरांनी कुणी रेषा कोरी सोडली, कुणी 'माहीत नाही' लिहिलं, एकानं 'ट्रक पुढे जाईल' असं लिहिलं. आणि एका मुलीनं लिहिलं, 'मग आजी माझी शाळा बंद करील.' सरांनी तिला पूर्ण मार्क दिले. तो पेपर ते स्टाफरूममध्ये प्रत्येकापुढे धरून फिरले. आम्ही वाचला, हसलो आणि चहा घेतला.

ही मुलगी शेजारच्या गावची. तिचे आईवडील सुरतेला साड्यांच्या कारखान्यात, ती गावात आजीजवळ. आजीला सगळं गाव अक्का म्हणे. अक्काचं घर गावाच्या अगदी कडेला आणि घराला लागूनच तिचं वावर. त्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती. पुढचं शिकायचं तर आमच्या शाळेत यावं लागे आणि गाव ते शाळा रस्ता एकच, हायवे. सातवी झाली की त्या गावच्या पोरी घरी बसायच्या, कापूस वेचायच्या, आणि थोड्या वर्षांनी आम्हाला त्यांच्या लग्नाच्या पत्रिका यायच्या. मग सरकारकडून मुलींसाठी सायकली आल्या. मुख्याध्यापकांनी हे काम सरांच्या गळ्यात घातलं, कारण शाळेत सायकलवर येणारे तेवढेच एक शिक्षक.

सर आधी अडून बसले. म्हणाले, सायकल देता, मग ती चालवायची कुठे तेही द्या. हायवेच्या कडेला छोटा रस्ता होणार होता, तो नकाशात होता आणि नकाशातच राहिला होता. गाव आणि शाळा हायवेच्या एकाच अंगाला. मधे दुभाजक, आणि दुभाजकातला कट फार पुढे. म्हणजे पोरी सकाळी गाड्यांच्या बरोबरीनं येणार आणि संध्याकाळी त्याच कडेनं, गाड्यांच्या तोंडावर, उलट्या परत जाणार. सर हे सगळं हातवारे करून मुख्याध्यापकांना समजावत होते. मुख्याध्यापक म्हणाले, सर, मंडप सांगितलाय, पाहुणे येताहेत, आणि सायकली दिल्या नाहीत तर त्या पोरी येणारच नाहीत, ते चालेल का तुम्हाला? दुसऱ्या दिवसापासून ते त्या गावात दारोदार फिरायला लागले. अक्का काही केल्या नातीला हायवेवर सोडायला तयार होईना. सर तिच्या ओट्यावर बसले आणि म्हणाले, "अक्का, मी शे ना."

'मी आहे ना', एवढ्या शब्दांवर अक्कानं नात दिली.

सरांनी पोरींना शाळेच्या मैदानावर तयार केलं. एकामागे एक चालवायचं, शेजारी शेजारी नाही. कानात काही घालायचं नाही. मागून मोठा आवाज आला की उतरायचं. संध्याकाळी ते गेटवर उभे राहून पोरींची रांग दिसेनाशी होईपर्यंत पाहात. कुणी दूधवाला किंवा जिनिंगचा मजूर हायवेनं सायकलवर येताना दिसला की छत्री आडवी धरून त्याला थांबवत आणि कडेच्या मातीतून जायला सांगत. दूधवाला एकदा चांगलाच भडकला होता. कडेला माती उरलीच कुठे, असं म्हणाला, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं. डांबर संपलं की लगेच लोखंडी कठडा होता.

व्हायचं ते नववीच्या दिवाळीनंतर झालं. संध्याकाळी गाडीवाल्यांच्या डोळ्यांवर ऊन येतं, कारण त्या बाजूच्या गाड्या मावळतीकडे तोंड करून धावतात. भाजीपाल्याच्या एका पिकअपच्या कडेचा हूक अक्काच्या नातीच्या सायकलच्या हँडलला लागला. ती कठड्यावर फेकली गेली. पिकअप थांबली नाही. बहुतेक त्याला हूक लागल्याचं कळलंही नसेल. सर गेटवरून धावत गेले. पोरगी वाचली. मांडीचं हाड मोडलं, रॉड घालावा लागला, धुळ्याला बरेच दिवस काढले. आणि तिनं पेपरात लिहिलं होतं तसंच झालं. तिची शाळा बंद झाली. तिच्याबरोबर त्या गावच्या सगळ्याच पोरींची झाली. सायकली ओसरीत उभ्या राहिल्या, त्यांच्यावर गोधड्या वाळायला लागल्या.

आम्ही सगळे तेव्हा हळहळलो आणि हळूहळू विसरलो. सर विसरले नाहीत. त्यांचं नववीचं ते गणित त्या वर्षापासून बंद झालं. ते पुस्तकातल्या आगगाड्या शिकवायला लागले. मला ते पाहवत नसे. एरवी त्यांची टिंगल करणारा मी, त्या दिवसांत त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचं टाळायचो.

फाट्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, एका मुसलमान चाचांचं. मोडलेली सायकल तिथे पडून होती. चाचांनी पाहून सांगितलं की हिचं आता काही होणार नाही, भंगारात द्या. सरांनी हँडल तेवढं काढून मागितलं. चाचा म्हणाले, "सर, हे मार खाल्लेलं आहे. एक बाजू आत आली आहे." सर म्हणाले, असू द्या, मला माप घ्यायला पाहिजे. दुसऱ्या दिवशी ते हँडल स्टाफरूममध्ये नकाशांच्या खिळ्यावर लटकलेलं होतं आणि शाळा सुटल्यावर सर ते हातात घेऊन शेतांकडे निघाले होते. त्यांना हँडल सर म्हणायला सुरुवात झाली ती तेव्हापासून.

गोष्ट अशी होती की हायवे व्हायच्या कितीतरी आधी त्या गावाहून शाळेच्या शिवारापर्यंत एक गाडवाट होती. बैलगाड्या त्या वाटेनं बाजाराला जायच्या. बैलगाड्या गेल्या, ट्रॅक्टर हायवेनं जायला लागले, आणि मग दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी दर नांगरटीला एकेक तास वाटेत सरकवायला सुरुवात केली. तास म्हणजे पिकाची एक ओळ. आमच्याकडे ही चोरी कुणी चोरी मानत नाही. असं करत करत वाट वावरांनी गिळून टाकली. तलाठ्याच्या नकाशात ती अजून होती. आम्ही सरांना सांगितलं, तहसीलदाराकडे अर्ज करा, मोजणी येईल, वाट मोकळी होईल. सरांना ते पटेना. म्हणाले, तहसीलदार वाट देईल आणि शेतकरी दुसऱ्या दिवशी तिच्यात बाभळीच्या काट्या टाकील. पोरींनी रोज तिथून जायचं आहे. वाट देणाऱ्यानं मनानं दिली पाहिजे. शिवाय त्यांना अख्खी गाडवाट नकोच होती. ते शेतकऱ्यापुढे हँडल आडवं धरायचे आणि म्हणायचे, मला एवढंच द्या.

एका नानांना हसू आवरेना. ते म्हणाले, "सर, मन्हा बापनी बठ्ठी गाडवाट वावरमा लिधी, आनि तुम्ही हँडल मांगी राह्यनात." म्हणजे बापानं अख्खी वाट गिळली आणि तुम्ही फक्त हँडलभर मागता. नानांनी दिली. लाजून दिली की दया येऊन, सांगता येत नाही. दुसऱ्या एकानं अट घातली की मुलगा दहावीला गणितात पास झाला पाहिजे. सर म्हणाले, पास करणार नाही, शिकवीन. त्या पोराला त्यांनी रोज संध्याकाळी बसवलं आणि तो पस्तीसवर काठावर तरला. तिसऱ्या वावरावरून दोघा भावांत भांडणं, बांध कुणाचा यावरच कोर्टात केस. सरांनी दोघांना वेगवेगळं विचारलं. बांध दुसऱ्याच्या वाट्याला गेला तर आपलं काय जातं, या हिशेबानं दोघंही हो म्हणाले. सर हे सगळं आम्हाला येऊन सांगायचे, त्यांचा चेहरा पुन्हा उजळायला लागला होता. एकेक करत शाळेकडून गावाकडे वाट सरकत गेली आणि गावाच्या कडेच्या शेवटच्या वावरापाशी येऊन थांबली. ते वावर अक्काचं होतं.

तिथे जायला सर टाळाटाळ करत होते हे मला दिसत होतं. एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, ते मला म्हणाले, चला जरा माझ्याबरोबर. मला धुळ्याला लवकर जायचं होतं, पण त्यांचा आवाज असा होता की मी गेलो.

अक्का कापूस वेचत होती. कमरेला ओटी बांधलेली, बोंडातून कापूस ओढून ओटीत टाकण्याचा हात थांबत नव्हता. नात ओट्यावर पाय पसरून बसली होती, शेजारी कुबडी. सर बांधावर उभे राहिले. हँडल त्यांनी पाठीमागे धरलं होतं. ते काही बोलायच्या आधीच अक्का बोलली, आमच्याकडे न बघता.

"मास्तर, सायकल तुम्हीच दिधी. 'मी शे ना' तुम्हीच सांगं. आते वाट बी तुम्हीच मांगतस."

अक्कानं आणखी दोन बोंडं वेचली.

"मन्ही नात घर बशेल शे. गावन्या बठ्ठ्या पोरी मन्हा वावरमाईन शाळामा जातीन, आनि तिनी वट्टावर बशीसन देखानं का?"

नातीनं ओट्यावर बसून नुसतं बघायचं का, हे विचारताना तिचा आवाज जराही चढलेला नव्हता. मला वाटलं, सर काहीतरी म्हणतील, निदान हात जोडतील. ते ओट्याकडे पाहात राहिले आणि मग वळून चालायला लागले. फाट्यावर आल्यावर ते म्हणाले, बरोबर आहे तिचं. एवढंच. मला त्या बाईचा रागही आला होता आणि तिच्यापुढे मान खाली घालावी असंही वाटलं होतं.

सोमवारी शाळा सुटल्यावर सर पुन्हा अक्काच्या ओट्यावर गेले. हातात हँडल नव्हतं, गणिताचं पुस्तक होतं. नातीला म्हणाले, कुठपर्यंत झालं होतं आपलं? त्या दिवसापासून ते रोज जायला लागले. शिकवायचे आणि उठून यायचे. पुढे पुढे विज्ञानाचं पुस्तकही घेऊन गेले, आणि मग एके दिवशी मला म्हणाले, मराठीचे कोणते धडे राहिले ते लिहून द्या. मी दिले लिहून. नुसती यादी देऊन बरं दिसेना, म्हणून मीही अधूनमधून गेलो. सुरुवातीला अक्का पाणीसुद्धा विचारायची नाही. मग पाणी आलं, मग काळा चहा, मग एकदा वांग्याचं भरीत आणि भाकरी. पण वाटेचा विषय तिनं काढला नाही. सरांनीही पुन्हा कधी काढला नाही. मी एकदा म्हणालो, आता विचारून पाहा की, बाई मवाळ झाली आहे. सर म्हणाले, मी शिकवतो ते वाटेसाठी नाही. मला तेव्हा ते जरा नाटकी वाटलं होतं.

नात दहावीला बाहेरून बसली. परीक्षेला रिक्षातून गेली. मार्क बेताचेच पडले, पण पास झाली. आमच्या शाळेला लागून अकरावी-बारावीही होती.

त्या पावसाळ्यात कपाशी लावताना अक्कानं मजूर बायांना बांधाकडचं एक तास सोडायला लावलं. बायांना वाटलं म्हातारीची नजर चुकली. त्यांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "हाई तास मोकयं सोडा. आठे पोरी चालतीन." आठे म्हणजे इथे. हे सरांना त्या गावच्या एका विद्यार्थ्यानं वर्गात सांगितलं. सर फळ्याकडे तोंड करून उभे होते. त्यांनी खडू टेबलावर ठेवला आणि वर्गाला लवकर सोडून दिलं.

अक्काची एक अट होती. सायकल जाईल, फटफटी नाही. आज वाट दिली की उद्या गावातली पोरं बुंगाट गाड्या नेतील, ही तिची भीती रास्त होती. सरांनी युक्ती काढली. वाटेच्या तोंडाशी, अक्काच्या घराजवळ, दोन बाभळीचे खांब रोवायचे. त्यांच्यामधून सायकलचं हँडल तेवढं जाईल, मोटरसायकलचं अडेल. चाचांनी खड्डे खणायला मदत केली. सरांनी हँडल आडवं धरून माप घेतलं, वर दोन बोटं सोडली, खांब रोवले, दगड ठोकून पक्के केले.

वाट उघडायच्या दिवशी गावच्या पोरींनी सायकलींवरच्या गोधड्या काढल्या. आयाही पाहायला आल्या होत्या. सरांनी मला आणि विज्ञानाच्या सरांना मुद्दाम बोलावलं होतं. पहिली पोरगी ऐटीत सायकलवरून आली आणि खांबांपाशी अडकली. हँडल मधून जाईना. दुसरीचंही जाईना, तिसरीचंही. एकही सायकल त्या खांबांतून जाईना. सरांनी हातातलं हँडल खांबांमधे धरलं, ते आरपार गेलं. मग त्यांनी ते पोरीच्या सायकलच्या हँडलशेजारी धरून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. चाचा मागून म्हणाले, "सर, मी बोललो होतो ना. ते मार खाल्लेलं आहे." वर्षभर ते हँडल हातात धरून सरांच्या डोळ्यांना तेच सरळ वाटायला लागलं होतं. वेगाची गणितं शिकवणाऱ्या माणसानं वाकड्या मापानं खांब रोवले होते.

विज्ञानाचे सर हसले. मीही हसणार होतो. तेवढ्यात ओट्यावरून अक्काची नात उठली. दप्तर पाठीला, एक पाय किंचित ओढत ती आली आणि दोन्ही खांबांच्या मधून सरळ पलीकडे गेली. चालणाऱ्याला ते खांब अडवत नव्हतेच. पलीकडे जाऊन ती मैत्रिणींकडे वळून उभी राहिली. सर चाचांना म्हणत होते, पहार आणा, आत्ता उपटून पुन्हा रोवतो. अक्का पुढे आली.

"राहू द्या मास्तर. आठे बठ्ठ्यास्नी उतरीसनच जावानं. मन्ही नातसंगे."

पोरी उतरल्या. हँडल तिरकं करायचं, पुढचं चाक जरा उचलायचं, खांबातून काढायचं, पुन्हा सरळ करायचं. एकेक करत सगळ्या पलीकडे गेल्या आणि सायकली हातात धरून, अक्काच्या वावराच्या त्या मोकळ्या तासातून, नातीच्या चालीनं चालायला लागल्या. वावर संपल्यावर नात एकीच्या कॅरिअरवर बसली आणि सगळ्या निघून गेल्या. सर त्यांच्याकडे पाहात होते आणि पँटची कुसळं काढत होते. त्यांचे डोळे भरले होते, आणि ते लपवायची त्यांना घाई नव्हती.

या वाटेनं फार काही बदललं असं नाही. पावसात काळ्या मातीत चाकं रुतायची, तेव्हा पोरी सायकली घरी ठेवून चपला हातात घेऊन यायच्या. मुलगे त्या वाटेनं कधीच आले नाहीत, त्यांना हायवेच बरा वाटायचा. दूधवाला अजूनही पांढऱ्या पट्टीवरून जातो. सर निवृत्त होईपर्यंत त्याला छत्री आडवी धरून थांबवत होते. आता सर धुळ्याला देवपुरात मुलीकडे असतात. गुडघ्यांमुळे सायकल सुटली. हँडल मात्र जाताना नेलं नाही, ते आमच्या नकाशांच्या खिळ्यावर तसंच राहिलं. नवीन शिक्षक विचारतात, हे काय आहे, आणि आम्ही सांगतो, माप आहे.

गेल्या महिन्यात मधल्या सुट्टीत अक्काची नात शाळेत आली. ती आता तिच्या गावच्या ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरचं काम करते. पाय अजून थोडा ओढते, पण कुबडी कधीच सुटली. अक्का गेल्याला दोन पावसाळे झाले. नातीनं सांगितलं की बाभळीच्या खांबांना वाळवी लागली आहे, पंचायतीनं सिमेंटचे खांब मंजूर केले आहेत. मिस्त्री आला आहे, तो म्हणतो मधे जरा ऐसपैस जागा ठेवू, म्हणजे कुणाला उतरावं लागणार नाही.

मी कपाटातून टेप काढून तिच्यापुढे धरला. म्हटलं, नव्या सायकलींचं माप घे, हा घेऊन जा.

तिनं टेप घेतला नाही. खिळ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "सर, ते द्या."

मी हँडल उतरवून दिलं. तिनं ओढणीनं त्याच्यावरची धूळ पुसली आणि ते हातात घेऊन, मागच्या फाटकातून, शेतांकडे चालायला लागली.

संध्याकाळी धुळ्याला उतरल्यावर मी सरांकडे गेलो आणि त्यांना हे सांगितलं. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"मधल्या काळात कुणी ते सरळ तर केलं नाही ना?"

मी म्हणालो, नाही सर, तसंच आहे.